जाकिटात बक्रम किती?

वादासाठी वादाचा विषय आपल्या गावात असावा लागतो, अशी शहरातल्या माणसांची समजूत असते. बेलापूरकरांना ही अडचण कधी आली नाही. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे, आणि बेलापूर–परळी नावाची रेल्वे कागदावर आहे. तरी तिच्या वळणांवरून, थांब्यांवरून आणि कोणाच्या बांधाला ती चाटून जाणार यावरून आमच्याकडे चुलतभावांचे अबोले झालेले आहेत. मुंबईच्या पाहुण्याला लग्नपत्रिका धाडावी तर तो सीबीडी बेलापूरला उतरून, "अहो, मांडव काही दिसत नाही," असा फोन करतो. जिल्ह्याचं विभाजन व्हायचंय, पण मुख्यालय कुठं असावं हा प्रश्न कट्ट्यानं आजवर निदान हजारदा निकाली काढला आहे, दर वेळी वेगळा.

तेव्हा रायफल नेमबाजीच्या जागतिक नियमांत आम्ही लक्ष घातलं यात नवल नाही. कट्ट्यावर बसणाऱ्या एकाकडेही रायफल नाही. अनुभवी म्हणावेत असे मास्तर तेवढे एक. त्यांनी शाळेत वर्षानुवर्षं एनसीसी सांभाळली आणि त्या काळात पॉइंट टू-टूच्या रायफलीनं, जमिनीवर पालथं पडून, पंचवीस यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडली. त्यांच्या खालोखाल अधिकार नानांचा. नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. बंदुकीशी त्यांचा संबंध नाही, पण माप, तोल आणि "काटा बरोबर आहे का?" या प्रश्नाशी त्यांचा आयुष्यभर संबंध आला, आणि नेमबाजीत शेवटी दुसरं असतं काय? तिसरे टेलरमामा. ते या वादात नंतर आले, पण आले ते थेट मधोमध.

सुरुवात झाली 1 ऑगस्ट 2024 रोजी. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच तारखेला येतात, त्यामुळे त्या दिवशी डीजे आणि भाषण यांपैकी एक तरी टळत नाही. हॉटेलातल्या टीव्हीचा आवाज ऐकू येत नव्हता. पडद्यावर फ्रान्समधल्या शातोरू गावात आठ माणसं गुडघे टेकून बसली होती आणि बराच वेळ काहीच घडत नव्हतं. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स. मास्तरांची नात फोनवर गुण वाचून दाखवत होती. ती कॉलेजात आहे, छर्ऱ्याच्या रायफलीनं स्पर्धा खेळते, आणि कट्ट्यावर बसण्याचा हक्क नसलेली पण कट्ट्याला काही तरी ठाऊक असलेली ती एकटीच.

स्वप्निल कुसाळे हे नाव तोवर आम्ही ऐकलं नव्हतं. पण माहिती पुढं आली तसा कट्टा सरसावून बसला. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. वडील शिक्षक, म्हणजे मास्तर खूश. आई गावची सरपंच, म्हणजे नाना गंभीर, कारण नाना एकदा त्याच पदाला पडलेले. स्वतः मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. हे कळताच दोघातिघांनी सवयीनं खिसे चाचपले.

गुडघ्यावर बसून झालं तेव्हा पोरगा सहावा होता. झोपून झालं तेव्हा पाचवा. उभं राहायची वेळ आली आणि एकेक जण गळायला लागला, तसा हा चौथा, मग तिसरा. ब्राँझ. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. हॉटेलवाल्यानं एक चहा फुकट दिला, आणि तो पाच जणांत वाटून घ्या म्हणाला.

चहा संपेपर्यंत नानांना शंका आली होती. सोनं चीनच्या लिऊ युकुनला 463.6 ला, चांदी युक्रेनच्या सेर्ही कुलिशला 461.3 ला, आणि आपल्या माणसाला 451.4. "पहिल्या दोघांत दोन मार्कांचा फरक आणि तिसऱ्याला दहाचा खड्डा? हे वजन जुळत नाही," नाना म्हणाले. नातीनं सांगितलं, "आजोबा, त्याला एक गोळी कमी मिळाली. चाळीस गोळ्यांनंतर खालचे दोघं बाहेर, मग प्रत्येक गोळीला एक बाहेर. तिसरा चव्वेचाळिसाव्या गोळीला थांबतो. पंचेचाळिसावी फक्त पहिल्या दोघांना." नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजे एक मोळी न मोजताच ट्रॉली हाणली बाहेर. आणि पावतीवर मात्र तिघांची वजनं शेजारी शेजारी." ज्या माणसावर आयुष्यभर काटामारीचे आरोप झाले, तो कसा पेटला असेल याची कल्पना ऊस घालणाऱ्यांना येईल. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ आणि आमचा कट्टा यांच्यात जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. महासंघाला मात्र ते अद्याप कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना कागद घेऊन आले. अभिनव बिंद्रा, 2008, बीजिंग: 700.5, सुवर्ण. गगन नारंग, 2012, लंडन: 701.1, ब्राँझ. आणि त्याच दहा मीटर एअर रायफलीत 2021 मध्ये टोकियोला अमेरिकेचा विल्यम शेनर सुवर्ण घेऊन गेला तो 251.6 वर. "सातशे एकला ब्राँझ आणि अडीचशेला सोनं," नाना म्हणाले. "सगळ्या जगात महागाई वाढली. स्वस्त झालं ते फक्त हे."

यात लबाडी नव्हती, पण ते समजावून सांगताना नातीचा अर्धा दिवस गेला. पूर्वी प्राथमिक फेरीचे गुण अंतिम फेरीत धरले जात. नारंगचे आधीचे 598 आणि अंतिम फेरीतले 103.1, मिळून 701.1. मग 2013 साली नियम आला: अंतिम फेरीत सगळे शून्यापासून. सकाळी साठ गोळ्या मारून तुम्ही पहिले आलात काय आणि कसेबसे आठवे आलात काय, दुपारी सगळे सारखे. कुसाळे तर प्राथमिक फेरीत 590 गुण घेऊन सातवा होता. जुना हिशोब असता तर तो ओझं घेऊनच गुडघ्यावर बसला असता.

इथं कट्टा उभा दुभंगला. मास्तर जुन्या नियमाचे. "वर्षभर घटक चाचण्या घ्यायच्या, सहामाही घ्यायची, आणि वार्षिकला म्हणायचं मागचं सगळं माफ? मग पोरं अभ्यास करतील कशाला?" हॉटेलवाला नव्या नियमाचा. त्याचं म्हणणं, कालची उधारी कालच्या वहीत, आज नवा चहा नवे पैसे. यावर मास्तर म्हणाले की उधारीच्या बाबतीत तुझं वागणं नेमकं उलट आहे, आणि वाद नेमबाजीतून सुटून वहीत गेला.

मला विचाराल तर दोन्ही बाजू एका गोष्टीवर बोलत नव्हत्या. शून्याचा नियम नेमबाजासाठी आलेला नाही, तो टीव्हीसमोरच्या माणसासाठी आला आहे. उशिरा टीव्ही लावणाऱ्याला सकाळचा हिशोब कळत नाही, म्हणून सकाळच पुसून टाकली. या खेळाची मूळ पंचाईत अशी की जो जास्त चांगला तो कमी हलतो. सगळ्यात मोठा नेमबाज म्हणजे ज्याच्याकडे बघण्यासारखं काहीही नाही. एअर रायफलीच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपका दिसेनासा करणं हीच कामगिरी. आता हे दाखवायचं कसं? महासंघ गेली काही वर्षं याच प्रश्नाशी झुंजतो आहे आणि दर झुंजीला एक नियम बाहेर पडतो.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत जगज्जेता झाला तो 17-13 असा. म्हणजे कबड्डीसारखा! इटलीच्या दानिलो सोलाझोशी शेवटी समोरासमोर लढत, प्रत्येक गोळीला सरस त्याला दोन गुण, सोळाला आधी पोचेल तो विजयी. कट्ट्याला ही पद्धत फार आवडली. गुण कळतात, पुढं कोण मागं कोण कळतं, मधे एकाचा घसा सुकला तर तेही कळतं. आम्हाला आवडली म्हणूनच असेल, पॅरिस येईपर्यंत एकेरीतून ती गेली. रुद्रांक्षचं जगज्जेतेपद राहिलं, 17-13 हा आकडा राहिला, आणि पुढच्या पिढीला तो कोणत्या खेळाचा हे समजावण्याचं काम नातीसारख्या मुलींकडं आलं.

बायकांच्या गोळ्यांचा हिशोब तर कोणी नाटकात घालावा असा आहे. थ्री पोझिशन्समध्ये पुरुषांना एकशे वीस गोळ्या, बायकांना साठ. हा भेदभाव बरा नव्हे म्हणून 2018 पासून बायकांनाही एकशे वीस. टोकियोत सगळ्यांनी एकशे वीस मारल्या. मग लक्षात आलं की फार वेळ जातो, म्हणून दोघांनाही साठ. म्हणजे बायका जिथून निघाल्या तिथंच परत आल्या, फक्त वाटेत समान झाल्या. हे ऐकल्यावर हॉटेलवाल्याची बायको, जी सकाळी पाचपासून बटाटे सोलते आणि कट्ट्याच्या वादात कधी पडत नाही, ती आतून एवढंच म्हणाली, "मग पुरुषांना आधीच साठ करायला काय झालं होतं?" याचं उत्तर म्युनिकच्या कार्यालयात असेल तर असेल.

पण कट्ट्याच्या वर्मी लागलेला नियम तो नव्हे. वर्मी लागला तो प्रोनचा, म्हणजे झोपून मारण्याचा.

मास्तरांची सगळी नेमबाजी पोटावर झाली. एनसीसीत दुसरा प्रकार त्यांनी पाहिलाच नाही. कोपरं रुतवायची, पाय फाकवायचे, श्वास अर्धा सोडायचा. त्यांना वाटे ऑलिंपिकही असंच. आणि होतंच की. पन्नास मीटर प्रोन हा पुरुषांचा ऑलिंपिक प्रकार होता, 2016 च्या रिओपर्यंत. त्यानंतर काढला. सोबत पन्नास मीटर पिस्तूल आणि डबल ट्रॅपही गेलं, आणि त्यांच्या जागी स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोड्या आल्या. हेतू चांगला, पदकं दोघांना सारखी. पण मास्तरांचं म्हणणं असं की, "मिश्र जोडी आणा, आनंदानं आणा, पण झोपलेल्या माणसाला उठवून कशाला?"

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतची गोष्ट त्यांना याहून लागते. तिनं 2010 साली म्युनिकला प्रोनमध्ये 597 गुण मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि जगज्जेती झाली. रायफलीत भारताची पहिली जगज्जेती. आणि बायकांचा प्रोन ऑलिंपिकमध्ये कधी नव्हताच! ज्या प्रकारात ती जगात पहिली त्याला ऑलिंपिकमध्ये दार नाही, म्हणून ती चाळिशीत टोकियोला गेली ती थ्री पोझिशन्समध्ये, उभं राहायला आणि गुडघ्यावर बसायला. मास्तर हे सांगताना थांबतात आणि चहावाल्याकडे बघतात, जणू काही त्यानंच प्रोन काढला.

नानांनी यातून सिद्धांत काढला. राज्यवर्धन राठोडला 2004 साली अथेन्समध्ये चांदी मिळाली ती डबल ट्रॅपमध्ये, डबल ट्रॅप बंद. तेजस्विनी प्रोनमध्ये जगज्जेती, पुढं पुरुषांचाही प्रोन बंद. "आपलं पोर जिंकलं की खेळच मोडीत काढतात." नात म्हणाली, "मग विजयकुमारचं रॅपिड फायर? 2012 ला चांदी मिळाली, ते अजून आहे." नाना म्हणाले, "आहे, म्हंजे काढायचं राहिलंय."

या दोघा वयस्करांच्या मनात आणखी एक दुखणं आहे, आणि त्याला कारण मीच. मी त्यांना स्वीडनच्या ऑस्कर स्वानबद्दल सांगितलं. या गृहस्थाला 1908 साली लंडनमध्ये साठाव्या वर्षी सुवर्ण मिळालं आणि 1920 साली अँटवर्पला, बहात्तराव्या वर्षी, सांघिक रौप्य. ऑलिंपिकमध्ये इतक्या वयात पदक मिळवणारा खेळाडू आजतागायत दुसरा नाही. त्याचा प्रकार होता 'धावतं हरीण': रुळावरून सरकणारं हरणाचं चित्र, त्यावर गोळ्या. नाना तेव्हा एकाहत्तराचे होते. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरणार नाही. मग मी सांगितलं की तो प्रकारही ऑलिंपिकमधून केव्हाच गेला. "बघा," नाना म्हणाले, "माझंबी काढलं."

टेलरमामांचा प्रवेश झाला तो जाकिटामुळं.

टीव्हीवर त्यांनी त्या नेमबाजांचं कातडं-कॅनव्हासचं, पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट पाहिलं आणि त्यांचा पहिला प्रश्न कोणत्याही कारागिराचा असावा तसा होता: "आत बक्रम किती?" नातीनं सांगितलं की त्यावरच तर सगळी मारामारी आहे. कापडाची जाडी एकेरी अडीच मिलिमीटर, दुहेरी पाच, याहून जास्त नाही. आणि ताठरपणा मोजायला यंत्र आहे. कापड सपाट ठेवतात, वरून किलोभर वजनाचा गोल दट्ट्या टेकवतात, कापड निदान तीन मिलिमीटर दबलं पाहिजे. दोन पूर्णांक नऊ दबलं तर जाकीट नापास, आणि त्यातला माणूसही.

टेलरमामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आयुष्यभर गिऱ्हाईक मला सांगत आलं, कॉलर ताठ पाहिजे, ताठ पाहिजे. हे पहिलं गिऱ्हाईक, ताठ शिवलं म्हणून घरी पाठवणारं." पण त्यांना पुढचा प्रश्न पडला, आणि तो या खेळाच्या पोटातला प्रश्न आहे. ताठ कपडा लागतोच कशाला? तर साडेपाच किलोपर्यंतची रायफल, कंबर पुढं, पाठ मागं आणि किंचित वळलेली, अशा अवस्थेत पाऊण ते सव्वा तास साठ गोळ्या मारायच्या. जाकीट पाठीच्या कण्याला धरून ठेवतं आणि माणूस कमी डुलतो. ते जितकं ताठ तितकं शरीर स्वस्थ, तितके गुण जास्त. मग काही जण कवच घालून येऊ लागले, आणि महासंघाला यंत्र आणावं लागलं.

आता दोन पक्ष आहेत, जगातही आणि आमच्याकडेही. एक म्हणतो, जाकीटच काढा. खेळ माणसाचा असू द्या, कापडाचा नको, आणि खर्चही वाचेल. दुसरा म्हणतो, जाकीट काढलं तर पंचविशीतल्या पोरांच्या कमरा जातील. टेलरमामा दुसऱ्या पक्षात गेले, धंद्याच्या हितासाठी नव्हे. "हे जाकीट नाही, हा कमरेचा पट्टा आहे," ते म्हणाले. "शिलाई मशीनवर चाळीस वर्षं वाकून बसलोय. मला विचारा पट्टा काय असतो." माझंही मत त्यांच्या बाजूला झुकतं. कपड्यानं गुण मिळतात हे खरं, पण पाठही वाचते, आणि नियम करणाऱ्यांनी तीन मिलिमीटरवर जी रेघ मारली ती अगदीच मूर्खपणाची नाही. थंडीत कापड कडक होतं, दमट हवेत सैल पडतं, सकाळी नापास झालेलं दुपारी पास होऊ शकतं, एवढी एक भानगड सोडली तर.

कपड्यांचा अध्याय इथं संपत नाही. गुडघ्याखाली घ्यायचा लोड पंचवीस सेंटीमीटर लांब आणि अठरा सेंटीमीटर जाड, याहून मोठा नाही. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची झापड तीन सेंटीमीटर रुंद. निळ्या जीन्सला बंदी. आणि बूट! बुटाचा तळवा इतका वाकला पाहिजे म्हणून अंश ठरवले आहेत, साडेबावीस. पूर्वी नेमबाजांचे तळवे फळीसारखे असत आणि ते रेंजवर बदकासारखे चालत. टीव्हीवर ते बरं दिसेना, म्हणून नियम आला की मैदानात नेमबाजानं साध्या माणसासारखं चालावं, आधी टाच मग चवडा. पहिल्यांदा चुकलात तर समज मिळते.

हा नियम ऐकून कट्टा अंतर्मुख झाला. आमच्यात सरळ चालणारं कोणी नाही. नानांचा गुडघा, मास्तरांची टाच, टेलरमामांची पायडल मारून मारून आलेली एका बाजूची चाल. ऑस्कर स्वानचं दार बंद झालं होतंच, त्याला हा कडी-कोयंडा.

आणि ज्या नियमाला बेलापूरनं एकमतानं पाठिंबा दिला तो एकच: अंतिम फेरीत संगीत वाजवायचं. खरोखरच असा नियम आहे. नेमबाज श्वास रोखून अर्ध्या मिलिमीटरकडे बघतोय आणि मागं गाणी, निवेदक, टाळ्या. मास्तरांच्या एनसीसीत रेंजवर शिंकलात तरी शिक्षा होती. पण बाकीचे म्हणाले, 1 ऑगस्टला आपल्या पोराला ब्राँझ मिळालं तेव्हा आपल्याकडं डीजे वाजतच होता, तो चालला म्हणूनच मिळालं. या युक्तिवादात कार्यकारणभाव नाही हे मला दिसतं. पण डीजेच्या बाजूनं एखादं आंतरराष्ट्रीय प्रमाण सापडल्याचा आनंद एवढा होता की मी गप्प बसलो.

खरी खळबळ घरात आली ती पुढं, वर्गांच्या निमित्तानं. आपल्याकडं शालेय आणि राज्य पातळीवर छर्ऱ्याच्या रायफलीचे दोन वर्ग खेळले जातात: ओपन साईट आणि पीप साईट. ओपन साईट म्हणजे मागं खाच, पुढं माशी, आणि बाकी तुमचा डोळा. पीप साईट म्हणजे मागं बारीक भोकाची चकती, पुढं कडं, आणि त्या कड्यात निशाण्याचा काळा गोल बसवायचा. ओपनमध्ये डोळ्याला खाच, माशी आणि निशाणा या तीन अंतरांवर एकाच वेळी नजर ठेवायची असते आणि डोळ्याला ते जमत नाही. पीपच्या भोकातून बघताना मागच्या अंतराची काळजी उरत नाही. चाळिशी लागलेल्यांना हा फरक बघताक्षणी कळतो. नानांनी नातीच्या पीपमधून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि त्यांना चतुर्थी स्पष्ट दिसली.

शिवाय राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत एकाच छपराखाली दोन पोथ्या असतात: देशी नियमांचे प्रकार वेगळे, आंतरराष्ट्रीय नियमांचे वेगळे. नात ओपनमध्ये तयार झाली, पण वरची वाट पीपची. ऑलिंपिकला ओपन साईट नाही. आणि पीपची आंतरराष्ट्रीय दर्जाची रायफल म्हणजे जर्मन कारखान्यांची, काही लाखांची, वर जाकीट, विजार, बूट. घरात प्रश्न उभा राहिला की ओपनचा वर्ग ठेवावाच कशाला? पोरांना आधी एक शिकवायचं, मग ते विसरायला लावायचं.

यावर कट्ट्याला शिकवण्याची गरज नव्हती. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला माती आणि गादी हा वाद ठाऊक असतो. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता वेगळा, गादी विभागाचा वेगळा, आणि शेवटी दोघं एकमेकांशी भिडतात. ऑलिंपिकला मातीचा आखाडा नाही म्हणून तो बंद करा असं म्हणून बघा एकदा तालमीत जाऊन. 2025 साली ही स्पर्धा अहिल्यानगरलाच झाली, तेव्हा खांदे टेकले की नाही यावरून जो राडा झाला तो राज्यानं पाहिला. आमच्या माणसांना नियम कमी ठाऊक असतील, पण नियमाचा राग कसा करावा हे कुणी शिकवायला नको. ओपन साईटच्या बाजूनं टेलरमामांनी शेवटचा मुद्दा मांडला: "फाटक्या विजारीतलं पोरगंबी हातात घेऊन बघू शकतं असा तो एक वर्ग. तो काढला तर पीपला येणार कोण, जर्मनीतनं?" हे मला पूर्ण पटलं, आणि मास्तरांनाही, कारण ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग बोलले ते वेगळंच. त्यांच्या नातीला ज्या स्पर्धेतून राष्ट्रीय पातळीवर जायचं आहे ती मावळंकर स्पर्धा. हे मावळंकर म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांनीच 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटनेचं पहिलं अध्यक्षपद सांभाळलं. मास्तरांना यात फार अर्थ दिसतो. देशातल्या सगळ्या वादांत ज्याला "शांत बसा, नियम सांगतो" म्हणण्याचा पगार होता, त्याच माणसाच्या नावानं ही पोरं रायफल घेऊन उभी राहतात. नाना म्हणाले, "मग ते असते तर तिसऱ्याला पंचेचाळिसावी गोळी दिली असती का?" मास्तर म्हणाले, "त्यांनी आधी तुम्हाला खाली बसवलं असतं."

नातीनं शेवटी पीप धरली. रायफल क्लबातली, तासावर मिळते. जाकीट एका ताईकडून जुनं घेतलं आणि टेलरमामांनी ते नियमात राहून बाजूनं आवळून दिलं. तीन मिलिमीटरचा हिशोब त्यांनी इस्त्री आणि किलोच्या वजनानं स्वतः तपासला. वजन नानांनी आणलं, आणि त्यावर शिक्का आहे की नाही हेही दाखवलं. स्पर्धा झाल्यावर क्रीडागुण मिळणार का, हा प्रश्न मात्र घरातल्या प्रत्येकानं विचारला, नेमबाजीबद्दल एकही प्रश्न न विचारणाऱ्यांनीसुद्धा.

या सगळ्यात एक वर्ग कुणाच्या पोथीत नाही, तो जत्रेतला. फळीवर फुगे लावलेले, छर्ऱ्याची बंदूक, नळी डावीकडं झुकलेली. आमच्याकडं या वर्गातले जे खरे पट्टीचे आहेत ते गुलाबी फुगा फोडायचा असेल तर हिरव्यावर नेम धरतात. मालकाला हे माहीत असतं, म्हणून तो दर जत्रेला नळी दुसऱ्या बाजूला वाकवतो. गेल्या जत्रेत कट्टा पुरता तयारीनं गेला. नानांनी बंदूक हातात तोलून वजन सांगितलं. मास्तरांनी जमिनीवर पालथं पडून मारण्याची परवानगी मागितली. टेलरमामांनी मालकाच्या मागच्या कनातीचं कापड बोटांत धरून बघितलं. नातीनं माशीवरून एकदा पाहिलं आणि "ही दोन सेंटीमीटर खाली मारते," असं जाहीर केलं. त्यावर आम्हा सगळ्यांत फुग्याच्या देठाला लागलेला छर्रा धरायचा की नाही, फुगा आपोआप फुटला तर तो कुणाचा, आणि मागच्या जत्रेतले गुण या जत्रेत मोजायचे का, यावर चर्चा सुरू झाली. रांग वाढत गेली. मालकानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग पुढच्या पोराला बंदूक देत म्हणाला, "आजोबा, औंदा नियम एकच बदललाय. सहा छर्ऱ्यांचे पाच केलेत. पैसे तेवढेच."

नाना तिथंच काउंटरला हात टेकून उभे राहिले. "म्हंजे सहावी गोळी," ते म्हणाले, "इथंबी नाही."